तोंडी घातलेलं वाक्य

मिरजेच्या चेतासंशोधन प्रयोगशाळेत समितीचे सातही सदस्य काचेच्या अलीकडे बसले होते. पलीकडे खुर्चीत नामदेव नावाचा एक गवंडी होता. परांचीवरून पडल्यापासून त्याची वाचा गेली होती. त्याच्या डोक्याभोवती बोटभर रुंदीचा करडा पट्टा होता आणि गळ्यात आगपेटीएवढा ध्वनिक्षेपक.

"चहा घेतलात का, नामदेव?" डॉ. मिहिर सबनीस यांनी विचारलं.

नामदेवचे ओठ हलले नाहीत. ध्वनिक्षेपकातून आवाज आला, "घेतला साहेब. पण साखर कमी होती."

सदस्य हसले. प्रा. चारुशीला तेंडोलकर मात्र हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांच्या विद्यार्थ्यांना या कृतीचा अर्थ ठाऊक होता, आणि सबनीस एकेकाळी त्यांचेच विद्यार्थी होते.

"साखर कमी आहे असं कुणाला वाटलं, मिहिर? नामदेवला की तुमच्या वाचासेतूला?"

"दोघांना मिळून, बाई. मेंदूतून अख्खं वाक्य मिळत नाही, तुटक खुणा मिळतात. मधल्या जागा यंत्रातलं चेताजाळं भरतं. त्यानं नामदेवचं जुनं बोलणं, फोनवरचे निरोप, सगळं ऐकलेलं आहे. अशा प्रश्नाला हा माणूस साधारण काय उत्तर देतो, हे त्याला सवयीनं कळतं."

"साधारण."

"आपण सगळे साधारणच बोलतो, बाई."

"खुणा किती आणि भर किती?"

"नामदेवच्या बाबतीत पंच्याहत्तर टक्के त्याच्या खुणा. साठ टक्क्यांच्या खाली असेल तर आम्ही सेतू देणारच नाही."

"आणि जाळ्यानं एखादा शब्द का निवडला, हे पायरी पायरीनं दाखवता येईल?"

"नाही. पण तुमच्या माझ्या डोक्यातलंही नाही दाखवता येत."

हा वाद वीस वर्षांचा होता. मन म्हणजे चिन्हं आणि त्यांना बांधणारे नियम, असं बाई मानत. त्यांनी हयातभर खपून 'नियमसंच' नावाची प्रणाली उभी केली होती. ती प्रत्येक निष्कर्षामागचं कारण दाखवायची. सबनीसांच्या मते मन म्हणजे असंख्य जोडण्यांचं जाळं. अनुभवानं त्या जोडण्या घट्ट किंवा सैल होतात आणि त्यातून सवयी बनतात. नियम ही आपण मागाहून सांगितलेली गोष्ट.

"तुमच्या नियमसंचाला तीस वर्षांत एक विनोद कळला नाही," सबनीस म्हणाले.

"पण न कळलेला विनोद कळल्याचं सोंगही त्यानं कधी केलं नाही."

प्रश्न वादापुरता नव्हता. सेतूतून दिलेला जबाब, मृत्युपत्र, शस्त्रक्रियेची संमती कायद्यानं ग्राह्य धरायची की नाही, हे समितीला ठरवायचं होतं, आणि निर्णय एकमतानंच व्हायचा होता. सहा सदस्य अनुकूल होते. चारुशीलाबाईंनी लेखी आक्षेप नोंदवला. 'जो बोलू शकत नाही, त्याच्या नावानं जगातलं कुणीही बोलू नये. यंत्रानंही नाही,' असं त्यांनी शेवटी लिहिलं होतं. प्रस्ताव अडला.

दोन महिन्यांनी, सांगलीच्या घरी सकाळचा डबा भरत असताना, बाईंना पक्षाघात झाला.

शुद्धीवर आल्या तेव्हा उजवं अंग लुळं होतं आणि शब्द गेले होते. परिचारिकेच्या हातातली वस्तू पेला आहे, त्यात पाणी असतं, तो कलंडला तर सांडेल, हे सगळं त्यांना कळत होतं. पण 'पेला' हा शब्द ना तोंडात येत होता, ना डाव्या हाताच्या बोटांत. आपली बुद्धी शाबूत आहे का, हे पाहायला त्यांनी मूळ संख्या अनंत असतात याची सिद्धता मनात मांडायला घेतली. एकही शब्द न वापरता ती शेवटपर्यंत नेली, आणि मग त्या रडल्या. विचार पूर्ण होता. बाहेर पडायला दार नव्हतं.

'हो' आणि 'नाही'सुद्धा उरले नव्हते. मान हलवायची ठरवली की ती कधी उभी हले, कधी आडवी. "मॅडम, या आजारात तसं होतं," वाचा-उपचारतज्ज्ञ शाहीन शिकलगार त्यांना म्हणाली. "मनात हो असतं आणि मान नाही म्हणते. घाबरू नका."

सबनीस स्वतः आले. बाईंच्या पायांना हात लावून त्यांनी नमस्कार केला. परदेशातल्या भाचीची संमती त्यांनी आधीच मिळवली होती. बाईंच्या तीस वर्षांच्या व्याख्यानांच्या ध्वनिफिती जाळ्याला ऐकवून झाल्या होत्या. पट्टा बसला. अकरा आठवड्यांनी समिती पुन्हा भरली. बाईंना चाकाच्या खुर्चीतून आत आणलं गेलं.

अध्यक्षांनी विचारलं, "बाई, आपल्या आक्षेपाबद्दल आता काय म्हणणं आहे?"

आक्षेप कायम आहे, असं बाईंच्या मनात होतं. त्यांच्या गळ्यातून त्यांच्याच घोटीव आवाजात उत्तर आलं, "माझा आक्षेप मी मागे घेते. मिहिरचं बरोबर होतं. मला माझा आवाज परत मिळाला."

बाईंनी डावा हात टेबलावर आपटला. पुन्हा आपटला.

"माफ करा," ध्वनिक्षेपक म्हणाला, "मला जरा भरून आलंय."

एका सदस्यानं डोळे पुसले. अध्यक्षांना मात्र बाईंची जोरात हलणारी मान दिसली. त्यांनी शाहीनकडे पाहिलं. "या मान हलवतायत. त्याला काही अर्थ?"

सगळे शाहीनकडे पाहू लागले. "या आजारात मानेवर भरवसा ठेवता येत नाही," ती म्हणाली. ते खरंच होतं.

कायदा झाला. प्रत्येक जबाब संपला की शपथेच्या जागी रुग्णाला विचारायचं: "हे तुम्हीच म्हणालात ना?" सेतू 'हो' म्हणाला की जबाब पक्का. वर्षभरात चारशे रुग्णांना सेतू बसले. माहितीपत्रकावर बाईंचा फोटो छापला गेला. समारंभात सबनीस त्यांच्या खुर्चीशेजारी उभे राहत आणि पाहुण्यांसमोर विचारत, "बाई, तो आक्षेप मागे घेतला, हे तुम्हीच म्हणालात ना?" आणि सेतू म्हणे, "हो, मीच. अगदी मनापासून."

दर वेळी बाईंच्या आत काहीतरी एकेक अंश तापत गेलं. त्यांच्या तोंडातून कुणी काही चोरून नेलं असतं तर त्यांनी सोसलं असतं. इथं चोरानं त्यांच्या तोंडात घर केलं होतं, आणि आलेल्या-गेलेल्याला तो चहा विचारत होता.

शोध लागला तो साध्या सरावाच्या तासाला. शाहीन चित्र दाखवायची, सेतू शब्द बोलायचा. शब्द चुकला की बाईंच्या मेंदूत निमिषार्धात एक उसळी उठायची. पडद्यावर ती हिरव्या रेघेचा हिसका म्हणून दिसे. तिला 'चूक-लहर' म्हणत. लहर उठली की जाळं आपल्या जोडण्या किंचित बदलायचं.

"आमच्या अब्बांसारखं आहे हे," शाहीन एकदा म्हणाली होती. तिचे वडील मिरजेत तंबोरे बनवत. "जवारी काढताना, म्हणजे तारेचा सूर खुलवताना, ते तारेखालच्या घोडीवर जरासं घासतात, तार छेडतात, ऐकतात, परत घासतात. किती घासायचं विचारलं तर म्हणतात, तार सांगते. या जाळ्याला काही सांगून कळत नाही, मॅडम. चुकलं एवढंच कळतं."

त्या दिवशी शाहीननं मोराचं चित्र दाखवलं. सेतू बरोबर म्हणाला, "मोर." पण बाईंचं लक्ष तिकडे नव्हतं. त्या मनात एक जुनी सिद्धता सोडवत होत्या आणि नेमक्या त्याच क्षणी विसंगतीपाशी पोचल्या: एकच विधान खरंही आणि खोटंही. हिरवी रेघ उसळली.

"अरेच्चा, मोर बरोबर होतं की," शाहीन पुटपुटली. तिनं चित्र पुन्हा दाखवलं. सेतू अडखळला आणि म्हणाला, "कोंबडा."

बाई कितीतरी वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी मनात विसंगती उभी केली. रेघ उसळली. थांबल्या. रेघ सपाट झाली. पुन्हा उभी केली. पुन्हा उसळली.

त्यांना एक अवयव सापडला होता.

पुढच्या आठवड्यात शाहीनच्या ते लक्षात आलं. दार लावून ती समोर बसली. "मॅडम, हे तुम्ही मुद्दाम करताय. मी बोलते. खरं असेल तर गप्प राहा, खोटं असेल तर लहर द्या. माझं नाव शाहीन."

रेघ सपाट राहिली.

"माझं नाव सुनंदा."

रेघ उसळली. शाहीनच्या हातातली चित्रं खाली पडली. तिनं ती तशीच राहू दिली.

"समितीपुढचं ते वाक्य... तुमचं होतं?"

रेघ एवढी उसळली की पडद्याच्या कडेला लागली.

त्या संध्याकाळी शाहीननं जुन्या नोंदी काढल्या. समितीच्या दिवशी बाईंच्या खुणांचं प्रमाण होतं एकतीस टक्के, साठच्या अटीच्या जेमतेम निम्मं. बाकी एकोणसत्तर टक्के जाळ्याची भर. नोंदीखाली सबनीसांची सही होती, त्याच सकाळची.

"त्यांना ठाऊक होतं," दुसऱ्या दिवशी ती म्हणाली. "आणि मानेबद्दल मी तसं बोलले. चला, आपण अध्यक्षांकडे जाऊ. मी सगळं दाखवते."

रेघ उसळली.

"नको? का?" शाहीन विचारात पडली. "तुम्हाला वाटतं, सबनीस सर दिलगिरी व्यक्त करतील, सुरुवातीचे दिवस होते म्हणतील आणि सुटतील?"

सपाट.

"मग काय हवंय? त्यांच्याच यंत्राच्या तोंडून? चारचौघांत?"

सपाट. इतकी सपाट रेघ शाहीननं कधी पाहिली नव्हती.

बाईंचा हिशेब नेमका होता. कायद्यानं सेतूचं बोलणं हे रुग्णाचंच बोलणं होतं. सेतूनं सबनीसांवर आरोप केला, तर त्यांच्यापुढे दोनच वाटा उरणार. हे बाईंचं बोलणं आहे असं म्हटलं, तर ते दोषी. हे यंत्राचं बोलणं आहे असं म्हटलं, तर त्यांचं आयुष्यभराचं काम खोटं. तिसरी वाट नव्हती. बाईंनी ती तपासून पाहिली होती.

शिकवायचा नियमही त्यांनी मनाशी काटेकोर मांडला. जर आवाज मिहिरचा असेल, आणि जर तो प्रश्न असेल, तरच नकार. पण जाळ्याला नियम सांगता येत नव्हता. त्याला घासावं लागणार होतं. शाहीन समारंभातली ध्वनिफीत लावायची. सबनीसांचा आवाज विचारायचा, "हे तुम्हीच म्हणालात ना?" सेतू 'हो' म्हणाला की बाई लहर द्यायच्या. काहीही दुसरं म्हणाला की गप्प. जी पद्धत मनाचा अपमान आहे असं त्या वीस वर्षं म्हणत आल्या होत्या, ती त्यांनी अशी आत्मसात केली की सबनीसांनीही तोंडात बोट घातलं असतं.

सात महिने लागले; आधी नुसतं 'नाही' आलं, मग त्यापुढचं वाक्य. सबनीस आता मिरजेत क्वचितच असायचे. जोडण्या बदलत होत्या, त्याच्या नोंदीही होत होत्या. पण जोडणी का बदलली, हे जाळं सांगत नाही, आणि कुणी विचारतही नव्हतं.

एकदाच शाहीन थबकली. "मॅडम, कायद्याच्या दर वाढदिवसाला सगळ्या सेतूंचं शिकणं एकत्र करतात. एकाला आलं ते सगळ्यांना मिळावं म्हणून. तुमचं इतरांना लागणार नाही ना?"

बाईंनी क्षणभर विचार केला. नियमात मिहिरचा आवाज ही अट होती. इतर रुग्णांना मिहिर विचारायला जात नव्हते. त्यांनी रेघ सपाट ठेवली. लागणार नाही.

शाहीनला मनात सुरेखा चौगुले आठवत होती. सुरेखा शिरोळची, चौतिशीची. तिच्या दिरानं तिला माडीवरून ढकललं होतं. वाचा गेलेली सुरेखा दुपारी शाहीनकडे यायची. सेतूतून दिलेल्या तिच्या जबाबावरच दीर तुरुंगात होता. तिच्या खुणा ब्याऐंशी टक्के होत्या. तिचा शब्द न् शब्द तिचा होता.

कायद्याच्या दुसऱ्या वाढदिवशी सांगलीच्या सभागृहात मोठा समारंभ झाला. सेतू देशभर न्यायचा होता. त्यासाठी दिल्लीहून पाहुणे आले होते. सबनीसांनी नेहमीप्रमाणे खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"बाई, तो आक्षेप मागे घेतला, हे तुम्हीच म्हणालात ना?"

"नाही," बाईंच्या आवाजात सेतू म्हणाला. "ते मी म्हटलं नव्हतं. ते माझ्या तोंडी घातलं गेलं. मिहिरला ते ठाऊक होतं."

सबनीसांचा हात खुर्चीवरून हळूहळू निघाला. पहिल्या रांगेतले एक पाहुणे उठले. "डॉक्टर, हे बोलणं बाईंचं की यंत्राचं?"

सबनीसांनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. शब्द आला नाही. बाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. तोंडाशी आलेला विचार आणि न सापडणारा शब्द यांच्यामधली ती जागा त्यांना चांगलीच ओळखीची होती. तिथं आता मिहिर उभा होता. दोन वर्षांत बाईंना अन्नाला चव लागली नव्हती. त्या दिवशी घरी गेल्यावर त्यांनी दोनदा भात मागून घेतला.

तिसऱ्या दिवशी जिल्हा न्यायालयात सुरेखाचा जबाब वाचून दाखवण्यात आला. न्यायाधीशांनी कायद्याप्रमाणे विचारलं, "हे तुम्हीच म्हणालात ना?"

"नाही," सुरेखाच्या आवाजात सेतू म्हणाला. "ते मी म्हटलं नव्हतं. ते माझ्या तोंडी घातलं गेलं."

सुरेखानं डोळे विस्फारून स्वतःच्या गळ्याकडे पाहिलं. दोन्ही हातांनी ती ध्वनिक्षेपक ओढू लागली. आरोपीच्या वकिलांना उभंसुद्धा राहावं लागलं नाही. दुपारी दिराला जामीन मिळाला.

त्या आठवड्यात राज्यभरात एकशे सात सेतूंनी तेच वाक्य म्हटलं. संमत्या फिरल्या, मृत्युपत्रं फिरली.

शाहीन बाईंच्या घरी आली ती एकटी नव्हती. तिच्यामागे सबनीस होते. दाढी वाढलेली, हातात कागदांची चळत. त्यांनी नमस्कार केला नाही.

"काय केलंत तुम्ही, मॅडम!" शाहीन दारातूनच बोलली. "आणि मी हातभार लावला. सुरेखाला रात्रीतून आजोळी निपाणीला हलवावं लागलं. दीर घरासमोर येऊन बसलाय."

सबनीस स्टुलावर बसले. "मी दोन दिवस नोंदी पाहतोय, बाई. तुम्ही जाळ्याला नियम शिकवायला गेलात. माझा आवाज आणि हा प्रश्न, दोन्ही असतील तरच. होय ना? पण जाळं नियम उचलत नाही, ते सवय उचलतं. नियमाला कुंपण असतं, सवयीला नसतं. चारशे जणांत माझा आवाज हा किरकोळ तपशील ठरला. प्रश्न तेवढा राहिला. आणि तुम्ही आमच्या आदर्श रुग्ण, म्हणून एकत्रीकरणात तुमच्या शिकण्याला सगळ्यात जास्त मोल मीच देऊन ठेवलं होतं."

बाईंनी डावा हात कागदांच्या चळतीकडे केला.

"ते एकतीस टक्के मला ठाऊक होते," सबनीस खालच्या आवाजात म्हणाले. "त्या सकाळी मी आकडा पाहिला. वाटलं, आठवड्याभरात वाढेल, मग बाई स्वतःच हो म्हणतील. ते मी केलं. त्याची भरपाई मी करीन. पण सुरेखा खरं बोलली होती. न्यायालयात मी हे कागद नेले तर म्हणतील, याच्यावरच आरोप आहे, हा स्वतःला वाचवतोय. शाहीन म्हणाली तर तुमची साथीदार. तशी व्यवस्था तुम्हीच केलीत. आता तुम्हालाच सांगावं लागेल."

ज्या कबुलीसाठी बाई दोन वर्षं जगल्या, ती समोर स्टुलावर बसून मिळाली होती. त्यांना तिच्याकडे बघवेना.

पुढच्या तारखेला त्या न्यायालयात गेल्या. शाहीननं सगळी हकिकत सांगितली. सबनीसांनी कागद दिले. न्यायाधीश बाईंकडे वळले. "शाहीन शिकलगार सांगतात तसं, सेतूला नकार द्यायला आपण शिकवलंत. हे आपलंच म्हणणं आहे ना?"

बाईंनी सारं बळ एकवटून मनात होकार धरला.

"नाही," सेतू म्हणाला. "ते मी म्हटलं नव्हतं."

शाहीननं घाईनं पडदा पुढे केला. "साहेब, सेतू सोडा. ही रेघ बघा. मी खरं बोलले की सपाट राहते, खोटं बोलले की उसळते. तुम्ही स्वतः विचारून पाहा."

न्यायाधीशांनी दहा विधानं केली. दहाही वेळा रेघ बरोबर ठरली. दालनात कुजबुज झाली. तेव्हा आरोपीचे वकील उभे राहिले. आवाज न चढवता ते म्हणाले, "माझा एकच मुद्दा आहे. या बाई मनात आणतील तेव्हा खोटी लहर उठवू शकतात. सगळं प्रकरण त्यावरच उभं आहे. मग त्यांची खरी लहर कशावरून ओळखायची?"

पडद्यावरची रेघ सपाट होती. वकिलांचं म्हणणं बरोबर होतं, आणि ते बरोबर आहे हे त्या दालनात सगळ्यांत नीट बाईंना कळत होतं. न्यायाधीशांनी सेतूतले सगळे जबाब अग्राह्य ठरवले. शाहीनचा परवाना दोन वर्षांसाठी गेला. सबनीसांनी राजीनामा दिला आणि प्रयोगशाळेला कुलूप लागलं. जे जे बाईंनी मागितलं होतं, ते सगळं घडलं.

बाहेर व्हरांड्यात सुरेखाची आई बसली होती. बाई कोण हे तिला ठाऊक नव्हतं. खुर्चीतली म्हातारी आणि डोक्यावरचा पट्टा पाहून ती जवळ आली. "तुमचं बी यंत्र फिरलं व्हय, बाई?" ती म्हणाली. "माजी लेक खोटं बोलायची न्हाई वो. समद्यांस्नी सांगून दमले." तिनं पदरानं बाईंच्या तोंडाच्या कडेला आलेली लाळ पुसली आणि ती बसस्टँडच्या दिशेनं निघून गेली.

घरी पोचताच बाईंनी डाव्या हातानं पट्टा उपसून काढला. भाचीनं फोनवर समजावलं, ओरडून पाहिलं. त्यांनी तो पुन्हा घालू दिला नाही.

परवाना नसलेली शाहीन शेजारीण म्हणून येऊ लागली. पहिला महिना ती बाईंशी बोललीही नाही. नुसती समोर बसून त्यांचा डावा हात मांडीवर धरायची, ठेका द्यायची आणि एकेक अक्षर लांबवून गायची, कारण गाण्याची वाट मेंदूत निराळ्या बाजूनं जाते. बाईंच्या तोंडून फुंकर निघे, घरघर निघे. चार महिन्यांनी 'म' निघाला. सातव्या महिन्यात तो गेला आणि दोन आठवड्यांनी परत आला. त्यात नियम कामाला येत नव्हता, की खोटी लहर. घासायचं, ऐकायचं, परत घासायचं.

चौदा महिन्यांनी, तिचा जबाब का फिरला हे पुन्हा तपासावं या तिच्या आईच्या अर्जावरून, सुरेखाच्या खटल्याची फेरसुनावणी लागली. न्यायाधीश तेच होते. मागच्या बाकावर सबनीस बसले होते. कुणी बोलावलेलं नसताना आले होते. आरोपीच्या वकिलांनी बाईंच्या डोक्याकडे निरखून पाहिलं. पट्टा नव्हता, पडदा नव्हता, तार नव्हती.

"आपल्याला काही सांगायचं आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

बाईंचा डावा हात मांडीवर ठेका धरू लागला. गळ्याची शीर ताठ झाली. दालनातला कारकून लिहायचा थांबला. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं.

"मी," बाई म्हणाल्या. आवाज फाटका होता; व्याख्यानातला तो घोटीव आवाज त्यात कुठंच नव्हता. त्यांनी पुन्हा श्वास घेतला. "मी... शि... क... वलं."

"कुणाला?"

बाईंनी हात उचलून टेबलावरच्या पुराव्यातल्या करड्या पट्ट्याकडे बोट दाखवलं. मग तेच बोट त्यांनी सुरेखाकडे नेलं आणि मान खाली घातली.

मागच्या बाकावर कुणीतरी हुंदका दाबला. ते सबनीस होते की सुरेखाची आई, हे बाईंनी वळून पाहिलं नाही.

कारकुनानं विचारलं, "साहेब, एवढंच लिहू?"

"एवढंच लिहा," न्यायाधीश म्हणाले. "शब्द त्यांचेच आहेत."